घेताना आणि देताना एकच टेप

भाच्याने आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स पूर्ण केला आणि एका संध्याकाळी तो सरळ माझ्या वर्कशॉपवर आला. आल्या आल्या विचारलं, "मामू, पहिला टेप घ्यायचा आहे. कोणता घेऊ?"

घरी आम्ही आमच्या वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत बोलतो, इथे मराठीत लिहितोय. प्रश्न मला पाच मिनिटांचा वाटला. वर्ध्यात सुतारकाम आणि फर्निचरचं काम करता करता माझी वीसेक वर्षं गेली. त्याआधी अब्बांची चाळीस. साठ वर्षं घरात मोजमाप चाललंय, तर एका टेपचं उत्तर देता येणार नाही? पण उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत बुटीबोरीची एक चक्कर झाली. ती का झाली, ते पुढे येईलच.

आधी टेपचं सांगतो.

माझ्या ड्रॉवरमध्ये साडेपाच टेप आहेत. साडेपाच, कारण एकाची पट्टी दोन मीटरवर तुटली आहे, पण फेकवत नाही. त्यात एक तीन मीटरचा आहे. खिशात छान बसतो, पण आपल्याकडे खोल्या बांधतात दहा बाय बारा फुटांच्या. दहा फूट म्हणजे ३ मीटर आणि ५ सेंटिमीटर. म्हणजे सगळ्यात साधी भिंत मोजायलाही हा टेप पाच सेंटिमीटरने कमी पडतो. साडेसात मीटरचा टेप रुंद पट्टीचा, जड, कमरेला लावला की पँट खाली ओढतो. सकाळी शहाणपणाचा वाटतो, दुपारी नकोसा होतो. तीस मीटरचा फायबरचा टेप प्लॉट मोजायला ठीक, पण जोर लावला की तो ताणला जातो. लाकडाच्या कामात त्याला हात लावू नये.

ही ताणाताणीची भानगड जुनीच आहे. अकबराच्या काळात जमीन मोजायची दोरी ओली झाली की आखडायची, सुकली की सैल पडायची आणि त्यात लबाडीला वाव मिळायचा. म्हणून दोरीच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आणले गेले. शिवकाळात जमिनीची मोजणी पाच हात पाच मुठींच्या काठीने व्हायची. माप ठरवणाऱ्यांना मोजण्याच्या वस्तूची काळजी फार आधीपासून होती, आणि ती वस्तू ज्याच्या हातात असते त्याच्यावरचा संशयही.

मग उरतो पाच मीटरचा. सोळा फुटांच्या थोडा वर. माझं नव्वद टक्के काम त्याच्यात होतं. पट्टी १९ मिलिमीटर रुंदीची घ्यावी. एकट्याने मोजताना पट्टी हवेत पुढे सरकवावी लागते आणि अरुंद पट्टी मध्येच मान टाकते. पट्टीला जी पन्हाळीसारखी खोली दिलेली असते, ती त्यासाठीच. दुकानात टेप घेताना उभं राहून पट्टी सरळ पुढे काढून बघा. दीड-पावणेदोन मीटरपर्यंत तरी ती ताठ राहिली पाहिजे. लॉक दाबल्यावर पट्टी सरकता कामा नये. आकडे चकचकीत पिवळ्यावर नकोत, उन्हात वाचता येत नाहीत. मंद रंगाची पट्टी बरी. मी बहुतेक वेळा फ्रीमन्सचा मागतो, कधी स्टॅनलीचा. पण नावापेक्षा तो विशिष्ट नग हातात धरून बघणं महत्त्वाचं.

आता टोकाचा आकडा. नवीन पोरं पहिल्याच दिवशी तक्रार करतात की आकडा ढिला आहे. काही जण तो हातोडीने ठोकून पक्का करून आणतात! अरे बाबांनो, तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. फळीच्या कडेला आकडा अडकवून ओढलं तर तो स्वतःच्या जाडीइतका बाहेर येतो. भिंतीला टेकवून दाबलं तर तेवढाच आत जातो. म्हणून बाहेरून मोजा की आतून, माप बरोबर येतं. पण पट्टी सोडून दिली की ती सपकन आत जाते आणि आकडा टेपच्या तोंडावर आपटतो. असं हजारदा झालं की रिव्हेटची भोकं लांबतात आणि आकडा जास्त बाहेर यायला लागतो. टेप खोटं बोलायला लागतो तो असा, हळूहळू आणि कोणाच्या लक्षात न येता.

पट्टीवर एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. अब्बा इंचवाल्या बाजूने काम करायचे आणि इंचाच्या खाली सुतात मोजायचे. आठ सूत म्हणजे एक इंच. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर आणि वर थोडंसं. "डेढ सूत मार दे," म्हणाले की मी रंधा धरायचो. भाचा आयटीआयमधून मिलिमीटर शिकून आला आहे. मापाचा कायदा १९५६ चा, दशमान पैसे १९५७ मध्ये आले, मेट्रिक वजनमापं १९५८ पासून लागू होत गेली. तरी आमच्या धंद्यात दोन्ही राज्यं अजून चालू आहेत. प्लायवूड मागायचं आठ बाय चार फूट, कापायचं २४४० बाय १२२० मिलिमीटर, जाडी सांगायची मिलिमीटरमध्ये आणि ड्रॉवरचं चॅनेल मागायचं अठरा इंची. अठरा इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर, पण दुकानदार अठरा इंची म्हणून ४५०चं देतो. हे माहीत नसलेला पोरगा पहिला ड्रॉवर हमखास चुकवतो. म्हणून टेप दोन्ही मापांचा हवा, आणि एका कामात एकच माप वापरायची सवय हवी.

पट्टीच्या सुरुवातीला लंबगोलात रोमन आकडा छापलेला असतो. दोन असेल तर पाच मीटरला १.३ मिलिमीटरपर्यंत चूक चालते. एक असेल तर ०.६, तीन असेल तर २.६. शिवाय टेपचं माप २० अंश तापमानाला बरोबर धरलेलं असतं, आणि आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात पाच मीटरची पोलादी पट्टी जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होते. म्हणजे पूर्ण खरा टेप बाजारात मिळतच नाही. प्रत्येक टेपमध्ये थोडी चूक आहे, आणि ती दुसऱ्या टेपच्या चुकीपेक्षा वेगळी आहे.

हे मला कळलं ते एका कपाटामुळे. सेलूकडच्या एका घरात भिंतीच्या कोनाड्यात कपाट बसवायचं होतं. कोनाडा माझ्या टेपने मी मोजला, १८०५ मिलिमीटर. सहाशे-सहाशेचे तीन खण, पाच मिलिमीटर सुटीला. माप कागदावर लिहून वर्कशॉपवर दिलं. तिथे माझा कारागीर, देवळीकडच्या खेड्यातला पोरगा, चार वर्षांपासून माझ्याकडे होता. त्याने वर्कशॉपच्या टेपने फळ्या कापल्या. सनमायका लागला, कडा लागल्या, गाडीभाडं देऊन कपाट गावात गेलं आणि कोनाड्यात शिरेना. एका मिलिमीटरने.

मी त्या घरच्या माणसांसमोर कारागिरावर ओरडलो. चार वर्षांत पहिल्यांदा. तो काही बोलला नाही. माझ्या कमरेचा टेप मागून घेतला, गाडीतून वर्कशॉपचा टेप आणला, दोन्हींचे आकडे एकाच फळीच्या कडेला अडकवले आणि पट्ट्या शेजारी शेजारी ओढल्या. वर्कशॉपच्या टेपचा आकडा झिजून सैल झाला होता. त्याने मोजून कापलेली प्रत्येक फळी दोन मिलिमीटर लांब येत होती. तीन खणांचे सहा मिलिमीटर. त्याचं माप बरोबर होतं, माझंही बरोबर होतं. टेप दोन होते, एवढंच. आणि तो झिजलेला टेप बदला असं त्याने मला आधी दोनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी मी एक नियम केला: साइटवर ज्या टेपने मोजलं, तोच टेप वर्कशॉपवर आला पाहिजे. तो एक मिलिमीटरने चुकत असेल तर दोन्हीकडे तेवढाच चुकेल आणि वस्तू बसेल. अब्बांना हे टेपशिवायच माहीत होतं. दाराचं माप घ्यायला ते एक लांब पट्टी घेऊन जायचे, चौकटीला लावायचे आणि पेन्सिलीने त्या पट्टीवरच खुणा करून आणायचे. आकडा लिहायचेच नाहीत. मी हसायचो. ते म्हणायचे, "आकडा कागजपे बदल जाता है, लकडीपे नहीं बदलता." बांगड्या भरणारी बाई तरी कुठे आकडा विचारते? हात हातात घेते आणि मापाची बांगडी काढते.

नियम केला, कारागिराला मात्र चारचौघांत बोलल्याबद्दल काही बोललो नाही. आमच्या धंद्यात मालक माफी मागत नाही, अशी माझी समजूत होती. वर्षभराने तो काम सोडून बुटीबोरीला एका फर्निचरच्या कारखान्यात लागला. जास्त पैसे मिळत असतील, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता त्या संध्याकाळकडे येतो. भाचा टेपचं विचारायला आला तेव्हा माझा हात कामात होता. म्हटलं, "बस जरा. तोपर्यंत हे बिल लिही, आणि शेजारच्या वहीत मजुरीचा हिशोबही उतरव." पलंगाचं नाही, कपाटाच्या दारांचं बिल होतं. पोरगा हुशार, गणितात पक्का. दहा मिनिटांनी त्याने मान वर केली.

"मामू, हे दार किती बाय कितीचं आहे?"

"अठ्ठावीस इंच बाय ऐंशी."

"म्हणजे साडेपंधरा चौरस फूट आणि थोडं वर. मग बिलात साडेसतरा कसं?"

मी समजावलं. ग्राहकाला लावताना माप सहा इंचांवर पुढे नेतात. अठ्ठावीसचे तीस, ऐंशीचे चौऱ्याऐंशी. धंद्याची रीत आहे. चार फुटांच्या प्लायमधून अठ्ठावीस इंच कापले की उरलेला वीस इंचांचा तुकडा कुठे जायचा? तो खर्च कोणी तरी द्यायचाच. हे खोटं नव्हतं. काचेचं, अॅल्युमिनियमचं काम करणारेही माप पुढेच नेतात.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग मजुरीच्या वहीत पंधरा का?"

मजुरी चौरस फुटावर देतो मी. आणि देताना वरचं अर्धं सोडून देतो. हिशोब सोपा होतो म्हणून. म्हणजे सोपा होतो असं मी समजत होतो.

"ग्राहकाकडून साडेसतरा, कारागिराला पंधरा," तो वही बघत म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "मामू, टेप तर एकच होता ना?"

मी म्हटलं, उशीर झाला, उद्या बोलू.

त्या रात्री मला लहानपणीचा मकतब आठवला. जमियतच्या नव्हे, आमच्या मोहल्ल्यातल्या साध्या मकतबमध्ये आम्ही अम्मा पारा, म्हणजे कुरआनचा शेवटचा भाग, पाठ केला होता. त्यात ८३ वी सूरह आहे, मुतफ्फिफीन. अर्थ न कळता घडाघडा म्हणायचो. ज्या वाचकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही सूरह माप मारणाऱ्यांवर आहे. सुरुवातीलाच त्यांच्या विनाशाचा इशारा आहे, आणि ते कोण हेही सांगितलंय. लोकांकडून मोजून घेताना पुरेपूर घेणारे, आणि लोकांना मोजून देताना कमी भरणारे. शुऐब अलैहिस्सलाम ज्या मदयनच्या लोकांकडे पाठवले गेले, त्यांनाही माप आणि तराजू नीट ठेवण्याची ताकीद होती.

मी नेहमी समजत होतो की हे किराणा दुकानदारांसाठी आहे, ज्वारीच्या तराजूखाली चुंबक लावणाऱ्यांसाठी. मी काय लाकूड कमी देतो का? पण नीट बघितलं तर त्या आयतींमध्ये नुसतं कमी देणं नाही. त्यात दोन मापं आहेत. घेण्याचं एक, देण्याचं दुसरं. आणि या शब्दाचं मूळ ज्या शब्दात आहे त्याचा अर्थ क्षुल्लक, किरकोळ. म्हणजे इथे दरोडेखोराबद्दल चाललेलं नाही. सूतभर मारणाऱ्याबद्दल चाललंय. ज्याला स्वतःलाही आपण चोर वाटत नाही, त्याच्याबद्दल.

कोनाड्याच्या कपाटापासून मी लोकांना अभिमानाने सांगत होतो, मोजायला आणि कापायला एकच टेप हवा. आणि माझ्या वहीत चार वर्षं दोन टेप चालले होते.

दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला एका घरी माप घ्यायला गेलो. भाच्याला सोबत नेलं. काम लवकर झालं, म्हणून आश्रमात थोडं बसलो. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला या गावी आले तेव्हा याचं नाव शेगाव होतं. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचं सामान. आम्हा कारागिरांना तिथलं मोजमाप बघायला आवडतं, कारण काहीही उगाच मोठं नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात 'सूत' हा शब्द घोळत होता. सुतार या शब्दातच सूत आहे, सूत्र धरणारा तो सुतार. आमचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आश्रमातलं सूत म्हणजे चरख्यावरचं. पण तेही मोजलं जायचंच. चार फुटांची एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी. १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीकाठी लोक सूतांजली म्हणून अर्पण करत आले ती हीच गुंडी. कातणारी बाई दिवसभर कातायची, आणि तिची मजुरी या मोजणीवर ठरायची.

भाच्याला मी तिथे १९३५ ची गोष्ट सांगितली. खादी स्वस्त विकली जावी म्हणून कातणाऱ्या बायकांना फार थोडे पैसे मिळायचे. गांधीजींनी हा प्रश्न लावून धरला. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. खादी महाग होईल, विकली जाणार नाही, असं त्यांच्याच माणसांना वाटत होतं. आठ आणे काही जमले नाहीत, पण चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचं तत्त्व मान्य केलं. खादीचे भाव वाढले ते वाढलेच. ग्राहकाला परवडावं म्हणून कातणारीचं माप कमी भरायचं नाही, असा तो निर्णय होता. मी हे सांगत होतो आणि पोरगा माझ्याकडे बघत होता. त्याने काही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या. चार वर्षांच्या. प्रत्येक कामाचं खरं माप आणि दिलेली मजुरी शेजारी शेजारी मांडली. वरचं अर्धं, पाव, पाऊण, जे सोडलं होतं ते सगळं जोडलं. एका दाराला अर्धा चौरस फूट म्हणजे काहीच नाही. चार वर्षांची दारं म्हणजे किती होतात ते बघून मी वही मिटली आणि अम्मीला चहा मागितला. रक्कम इथे लिहीत नाही. लिहिली तर ती माझी फुशारकी होईल, आणि फुशारकी करावी असं यात काही नाही.

तिसऱ्या दिवशी बुटीबोरीला गेलो. त्याची सुटी व्हायची वेळ होती. मला गेटवर बघून तो घाबरलाच. "भाऊ, घरी सगळं बरं हाय ना?" पहिला प्रश्न हा. टपरीवर चहा घेतला. कसं बोलावं कळेना, म्हणून सरळ पाकीट पुढे केलं आणि हिशोबाचा कागद दिला. त्याने कागद वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाला,

"भाऊ, मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"हेच. टेप माया बी हातात होता ना. दार म्याच तर बनवलं. मले नाही का समजत ते पंधराचं हाय का साडेपंधराचं?"

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलू? कामाची गरज होती न जी. अन् तुमी वाईट नव्हते. दुसरे तर याहून कमी देत." चहाचा ग्लास खाली ठेवून तो थोडा हसला. "पण सेलूले तुमी मले लोकायसमोर बोलले, ते लागलं होतं. टेप बदला म्हणून दोनदा सांगतलं होतं तुमाले."

म्हणजे काम त्याने पैशासाठी सोडलं नव्हतं. वीस वर्षं मी मोजमाप करतोय आणि हे माझ्या मापात आलंच नव्हतं. मी माफी मागितली. टपरीवर, चार लोकांसमोर. ओरडलो होतो चारचौघांत, मग माफीही तितक्याच लोकांत मागायला हवी होती. तो संकोचला, "राहू द्या भाऊ," म्हणाला. पाकीट मात्र त्याने घेतलं, आणि ते त्याने घेतलं याचं मला बरं वाटलं. ते त्याचेच पैसे होते. नको म्हणाला असता तर मला उगाच दान केल्यासारखं वाटलं असतं.

परत कामावर ये, असं मी म्हटलं नाही. तिथे त्याचं बरं चाललंय. निघताना त्याने विचारलं, "तो वर्कशॉपचा टेप फेकला का नाही अजून?" मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये आहे. तो म्हणाला, "फेका भाऊ. कोणीतरी चुकून घेईन हातात."

परतल्यावर आधी तो टेप दोन तुकडे करून भंगारात टाकला. ड्रॉवरमध्ये आता साडेचारच आहेत. मग बिलाचं पुस्तक बदललं. आता ग्राहकाच्या बिलात खरं माप आधी येतं, आणि कापून वाया जाणाऱ्या सामानाचे पैसे खाली वेगळे दाखवतो. दोन ग्राहकांनी त्यावर घासाघीस केली, एकाने काम दुसरीकडे दिलं. चालायचंच. कारागिराला तेच माप मिळतं जे बिलात वर लिहिलंय, अर्ध्या-पावासकट. हिशोब काही फार अवघड झाला नाही. तो कधी अवघड नव्हताच.

आणि भाच्याचा टेप. पाच मीटरचा, १९ मिलिमीटर पट्टीचा, दोन्ही मापांचा, लंबगोलात रोमन दोन असलेला. दुकानदाराला चार नग काढायला लावले, काउंटरच्या कडेला आकडे अडकवून पट्ट्या एकमेकींशेजारी ओढल्या, आणि पाचही मीटरवर ज्यांच्या रेषा जुळल्या असे दोन घेतले. एक त्याला, एक मला. आम्ही दोघं एकाच साइटवर असलो तर त्याने मोजलेलं मी कापू शकेन.

तपासायची रीतही त्याला दाखवली. तुम्हीही घरी करून बघा. लाकडाची एक पट्टी घ्या. आधी टेपचा आकडा तिच्या कडेला अडकवून, ओढून मोजा. मग तीच पट्टी भिंतीला टेकवा आणि आकडा भिंतीवर दाबून मोजा. दोन्ही वेळा तोच आकडा आला तर टेप खरा. फरक आला तर आकडा झिजलाय किंवा वाकलाय. महिन्यातून एकदा हे करायचं, आणि टेप हातून पडला तर त्याच दिवशी. कोणाला शंका आली, मग तो हाताखालचा पोरगा का असेना, तर त्याच क्षणी.

ओढून मोजलं काय आणि दाबून मोजलं काय, घेताना काय आणि देताना काय, आकडा तोच आला पाहिजे.

भाच्याने टेप कमरेला लावला, दोनदा काढून बघितला, पट्टी सपकन आत सोडली. मी म्हटलं, "हळू. आकडा झिजतो."

"जी मामू," तो म्हणाला, आणि पुढच्या वेळी बोट लावून पट्टी सावकाश आत घेतली.